वेखंडाचा एक वेढा

बँगोरच्या औषधांच्या दुकानात मी गोळ्या मोजते,
पाच-पाच करत निळ्या थाळीवर सरकवते.
बाहेर मेनमधला मार्च, रस्त्याकडेला काळा पडलेला बर्फ.

डोरिन अटियन दर महिन्याला येते,
रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला, आणि थोडं भांडायला.
आज तिनं कोटाच्या खिशातून एक मुळी काढली,
करंगळीएवढी, पेरापेरांची,
आणि काउंटरवर ठेवून विचारलं :
हिच्याबरोबर तुझ्या गोळ्या चालतील का?

माझ्याआधी माझ्या नाकानं ओळखलं.
वेखंड.
जंतुनाशकाचा, प्लास्टिकचा, ओल्या बुटांचा वास बाजूला सारून
तो आला आणि थेट टाळूवर बसला.

आमच्याकडे पाणउंदराचं मूळ म्हणतात, ती म्हणाली.
गाण्याआधी दाढेखाली धरते, घसा सुटतो.
सर्दीत वाफ. आई एक तुकडा खिडकीत टांगून ठेवायची,
कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे
बाळाच्या पोटावर लेप, न्हाऊ घातल्यावर टाळूला पूड,
लोकरीच्या कपड्यांत कसर लागू नये म्हणून.
आणि बोलायला उशीर झाला तर मधातून जिभेवर.
जुनं नाव वचा. म्हणजे वाचाच.

मग मला माझी नोकरी आठवली.
स्क्रीनवर लाल चौकट आली होती.
तिकडच्या जातीत एक तेल असतं,
प्रयोगातल्या उंदरांच्या पोटात त्यानं गाठी झाल्या.
खाण्यात घालायला इथं मनाई आहे.
या नदीकाठच्या जातीत ते तेल नसतं, असं म्हणतात,
पण 'म्हणतात' हा शब्द लेबलवर छापता येत नाही.
डॉक्टरांना विचार, तोवर नको.

डोरिन हसली. छापील नसलेली यादी तिच्याकडेही होती :
शेजारीच निळ्या फुलांचं झाड असतं, पानं अगदी तशीच,
ते विषारी. चुरगळून हुंग, वास नसेल तर टाकून दे.
पोटुशीनं खाऊ नये.
दाताएवढा तुकडा पुरे, जास्त खाल्लंस तर उलटी.
आणि कागदाच्या गिरणीच्या खालच्या अंगाचं तर कधीच नाही,
नदी साफ झाली असं कितीही जणांनी सांगितलं तरी.

जाताना मुळी काउंटरवरच राहिली.
विसरली, असं तिनं दाखवलं.

घरी ऋजुल. साडेतीन वर्षांची, अकरा शब्दांची.
त्यातले तीन म्हणजे 'नो'च, वेगवेगळ्या सुरांत.
सासूबाई साताऱ्याहून पडद्यात वाकून सांगतात :
अगं, सहाण पाठवलीय ना टॉवेलात गुंडाळून?
रोज एक वेढा. एकच हं.
मी विचारते, एक वेढा म्हणजे किती मिलिग्रॅम?
त्या गप्प होतात. मग म्हणतात, हाताला कळतं.

माझ्या हाताला पाच-पाच मोजायचं कळतं.
दगड किती ओला, मनगट किती जड,
आणि उगाळणारी किती घाबरलेली,
यावर वेढा कमी-जास्त होतो. ते कुठं लिहायचं?

रात्री भांडी आवरून मी सहाण काढली.
थेंबभर पाणी. एक वेढा.
करडी रेघ उमटली, नदीच्या नकाशासारखी.
मुलीला दिला नाही.
बोटावर घेतला आणि स्वतःच्या जिभेवर ठेवला,
काउंटरवर त्या बाईला नको सांगून आलेल्या मी.

कडू. मग तिखट. मग बराच वेळ काहीच नाही.

तेवढ्यात ऋजुल झोपेतून उठून आली.
ओल्या रेघेत तिनं बोट बुडवलं,
फरशीवर एक लांब ओळ ओढली, दारापर्यंत,
आणि मान वर करून बघत राहिली माझ्याकडे,
आता बोलायची पाळी माझी असल्यासारखी.

आधी मी तिचं बोट धुतलं,
साबणानं, दोनदा.
मग खाली बसले
आणि बोलू लागले.